‘मामा, तुम्ही ताम्हिणीत काय करताय?’

एप्रिलमधला गुरुवार. आमच्या पिंपरी-चाकण पट्ट्यात अजूनही अनेकांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारीच असते. वेळ दुपारी पावणेबाराची. भामा आसखेड धरणाच्या पाण्याकडे उतरणाऱ्या एका कच्च्या वाटेवर, आंब्याच्या सावलीत, आमचे अण्णा डोळे मिटून पडले होते. शेजारी दोन सायकली आडव्या. अण्णा म्हणजे आमच्या कारखान्यातले ज्येष्ठ सहकारी, वय चौपन्न, रक्तदाबाची गोळी सुरू, पण सायकलवर बसले की आम्हा चाळिशीतल्यांना मागे टाकणारे. त्या दिवशी मात्र चढावर उतरले आणि म्हणाले, ‘‘डोकं गरगरतंय रे.’’ पायात गोळे आले होते, अंग घामाने निथळत होतं, नाडी जोरात चालली होती.

फोनला रेंज होती, पण एकच काडी. बोलणं कसंबसं होत होतं, नकाशावरची खूण पाठवायला गेलं की चक्र नुसतं फिरत राहायचं. निघोज्यात घरी असलेल्या भाच्याला फोन लावला, गाडी घेऊन ये म्हटलं. कुठे येऊ, हा त्याचा सरळ प्रश्न. धरणाजवळ, एवढं सांगून भागत नव्हतं. धरणाच्या पाण्याचा काठ लांबलचक आहे आणि त्याला जाऊन भिडणाऱ्या पायवाटा, गाडीवाटा कितीतरी. पण माझ्या हँडलबारवर दोन महिन्यांपूर्वी घेतलेलं हातातलं जीपीएस यंत्र होतं. मी ऐटीत आकडे वाचून दाखवले : ‘‘उत्तर अठरा, पन्नास पॉइंट चार. पूर्व त्र्याहत्तर, त्रेचाळीस पॉइंट दोन.’’

दोन मिनिटांनी त्याचाच फोन. ‘‘मामा, तुम्ही ताम्हिणीत काय करताय?’’

आधी हसू आलं, मग पोटात गोळा. तो माझा भाचा होता, आम्ही सकाळी कुठल्या दिशेला गेलो ते त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने उलट फोन केला. त्याच्या जागी रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षातली अनोळखी व्यक्ती असती आणि आकड्यांची पडताळणी झाली नसती तर गाडी कुठे निघाली असती? हा लेख त्या प्रश्नातून आला आहे. यंत्र बरोबर होतं, आकडेही बरोबर होते. चूक वाचण्यात होती.

झालं होतं ते असं. पृथ्वीवरच्या कुठल्याही जागेचा पत्ता अक्षांश आणि रेखांश या दोन आकड्यांत देता येतो, पण ते आकडे लिहिण्याच्या पद्धती तीन आहेत. पहिली शाळेच्या भूगोलातली : अंश, मिनिटे, सेकंद. दुसरी : अंश, आणि मिनिटांचाच दशांश. तिसरी : सगळंच दशांश अंशांत. फोनवरचे नकाशे बहुधा तिसरी पद्धत वापरतात. हातातली जीपीएस यंत्रं मात्र सहसा दुसऱ्या पद्धतीवर लावलेलीच येतात. माझ्या पडद्यावर होतं १८ अंश ५०.४ मिनिटे. भाच्याने टंकलं १८.५०४ अंश. एका अंशात ६० मिनिटे असतात, १०० नव्हे. म्हणजे ५०.४ ला ६० ने भागायला हवं, उत्तर ०.८४, आणि खरा अक्षांश १८.८४. तसंच ४३.२ भागिले ६० म्हणजे ०.७२, खरा रेखांश ७३.७२. भाच्याने टाकला होता ७३.४३२. अक्षांशात ०.३३६ अंशाचा फरक म्हणजे ३७ किलोमीटर दक्षिणेला, रेखांशात ०.२८८ अंशाचा फरक म्हणजे ३० किलोमीटर पश्चिमेला. दोन्ही मिळून सरळ रेषेत ४८ किलोमीटरची चूक, आणि ती थेट मुळशीच्या डोंगरांत, ताम्हिणीच्या बाजूला जाऊन पडते. नकाशावर ती जागा कुणालाही खोटी वाटणार नाही. घाट आहे, रस्ता आहे, गुरुवारी सायकलवाले जाऊ शकतात.

तेव्हा पहिला धडा इथेच सांगून टाकतो, कारण उरलेला लेख वाचायला कुणाला सवड असेल-नसेल. आपल्या यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन स्थान दाखवण्याची पद्धत दशांश अंशांवर आणून ठेवा. फोनवर सांगताना ‘‘अठरा पॉइंट आठ चार शून्य शून्य’’ असा एकेक आकडा सुटा उच्चारा आणि समोरच्याकडून परत वदवून घ्या. आणि आकड्यांबरोबर जवळच्या गावाचं नाव सांगाच. १०८ किंवा ११२ ला फोन लागला तरी हेच. तालुका आणि गाव हे आकड्यांना दिलेलं राखण असतं. दोन्ही जुळत नसतील तर चूक लगेच उघडी पडते.

अण्णांचं पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी थोडं मागे जाऊ.

निघोजे हे खेड तालुक्यातलं गाव. दक्षिणेला इंद्रायणी, पलीकडे तळवडे. उत्तरेला महाळुंगे आणि मग चाकणची औद्योगिक वसाहत. महिंद्राचा मोठा वाहन प्रकल्प याच गावाच्या हद्दीत. जिथे शेतं होती तिथे पत्र्याच्या भल्यामोठ्या शेड आहेत, आणि रस्त्यांवर नव्या कोऱ्या मोटारी वाहून नेणारे लांबच लांब ट्रेलर. तळेगाव-चाकण-शिक्रापूर हा रस्ता आता ५४८ डी क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. त्याच्या कडेने सायकल चालवणं हा धाडसाचा नव्हे, अविचाराचा प्रकार. म्हणून आमच्यासारखे लोक आतल्या वाटा शोधतात. महाळुंग्यातून सावरदरी, मग शिंदे-वासुली, डोक्यावर भामचंद्राचा डोंगर, पुढे करंजविहिरे आणि भामा आसखेड. कारखान्यांची वस्ती सरली की एकदम भातखाचरं लागतात. शिफ्ट संपवून आलेल्या माणसाला त्या दृश्याने काय वाटतं ते शिफ्ट केलेल्यालाच कळेल.

अडचण एवढीच की आतल्या वाटा दरवर्षी बदलतात. गेल्या साली होता तो रस्ता यंदा एखाद्या कंपनीच्या कुंपणात गेलेला असतो, आणि नकाशात नसलेला सिमेंटचा चौपदरी रस्ता शेतात जाऊन संपतो. यासाठी मी यंत्र घेतलं. गार्मिनचं, मुठीत मावणारं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं.

‘‘फोन असताना हे कशाला?’’ हा प्रश्न मला निदान पन्नास जणांनी विचारला. प्रामाणिक उत्तर असं की बहुतेकांना फोन पुरतो. नकाशा आधीच उतरवून घेतला असेल तर रेंज नसतानाही फोनला आपलं ठिकाण कळतं. त्याच्या आतही जीपीएसचाच ग्राहक असतो. पण एप्रिलच्या उन्हात फोन तापून स्वतःच बंद पडतो, घामेजल्या बोटांना दाद देत नाही, आणि पडदा सतत चालू ठेवला तर दुपारपर्यंत बॅटरी संपवतो. मग अडल्या वेळी फोन करायला उरतं काय? हातातल्या यंत्राचा पडदा उलट कडक उन्हात अधिक स्पष्ट दिसतो आणि सेल वीसेक तास पुरतात. संपले तर गावातल्या किराणा दुकानात नवे मिळतात. माझ्या मते त्याचा खरा फायदा हाच, की ते फोनची बॅटरी फोनसाठी शिल्लक ठेवतं.

आता हे यंत्र करतं काय? अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेतले तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून साधारण बारा तासांत एक फेरी मारतात. प्रत्येकात अणुघड्याळ. प्रत्येक उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतो : मी अमुक, आत्ता इथे आहे, आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत. आपलं यंत्र काहीच पाठवत नाही, फक्त ऐकतं. रेडिओ लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात, त्यामुळे निरोप पोहोचायला सेकंदाचा पंधरावा हिस्सा लागतो. निरोप किती उशिरा आला यावरून त्या उपग्रहाचं अंतर निघतं. तीन अंतरं मिळाली की जागा ठरायला हवी, पण यंत्र चौथा उपग्रह मागतं. कारण आपल्या हातातलं घड्याळ स्वस्तातलं क्वार्ट्झचं असतं, आणि घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं की अंतर ३०० मीटरने चुकतं. चौथ्या उपग्रहाच्या मदतीने यंत्र स्वतःच्या घड्याळाची चूकच शोधून काढतं. मला यातला हा भाग सगळ्यात आवडतो. कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासण्यात उमेदवारी केलेल्या माणसाला, स्वतःची चूक मोजणारं उपकरण म्हणजे काय चीज आहे ते समजतं.

आइन्स्टाइनही यात आहे, आणि शोभेपुरता नाही. वर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून उपग्रहातलं घड्याळ रोज ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. निव्वळ ३८ मायक्रोसेकंदांचा फरक. तो दुरुस्त केला नाही तर एका दिवसात ११ किलोमीटरच्या आसपास चूक साठेल. म्हणजे सकाळी निघोज्यातून निघालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी घर सापडलं तरी ते आळंदीत दिसेल.

ही अचूकता सामान्यांना नेहमीच मिळत होती असं नाही. नागरी वापराच्या संकेतात अमेरिकन सरकार मुद्दाम गोंधळ मिसळायचं, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत चूक व्हायची. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने तो गोंधळ बंद झाला आणि चूक एका रात्रीत दहा मीटरच्या घरात आली. त्यानंतर लगेच, ३ मे रोजी, अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये एकाने रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधणाऱ्याने शोधावी. त्या बादलीतून जगभर पसरलेला एक खेळच जन्मला.

मी यंत्र शिकलो तो याच खेळाने. भाचा शिफ्टनंतर जेवणाचा रिकामा डबा गावाबाहेर कुठेतरी ठेवायचा आणि आकडे सांगायचा. पहिल्या संध्याकाळी मी डब्यापासून वीस पावलांवर अर्धा तास घिरट्या घालत होतो. यंत्रातला बाण मला गोल गोल फिरवत होता. कारण नंतर कळलं. ज्या साध्या यंत्रांत वेगळं होकायंत्र नसतं त्यांना दिशा कळते ती आपण चालत असल्यामुळे : आधीची जागा आणि आत्ताची जागा यांवरून. थांबलं की बाण भरकटतो. नवशिका माणूस फाट्यावर थांबतो, बाण बघतो आणि नेमका चुकीच्या रस्त्याला लागतो. दहा-वीस मीटर पुढे जा, मग बघा. होकायंत्र असलेलं यंत्र असेल तर सेल बदलल्यावर ते हातात फिरवून पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, आणि पोलादी पुलावर किंवा ट्रेलरच्या शेजारी त्याच्यावर विसंबू नये.

दुसरी संध्याकाळ. डबा एका मोठ्या शेडच्या भिंतीलगत. यंत्राने मला सरळ शेडच्या आत नेऊन उभं केलं, म्हणजे पडद्यावर. पत्र्याच्या भिंतीवर आपटून आलेली लहर लांबचा प्रवास करून येते, म्हणून यंत्राला उपग्रह आहे त्यापेक्षा दूर वाटतो. कारखान्यांमधल्या रस्त्यावर माझी वाट म्हणूनच दातेरी दिसते, आणि भातखाचरांत गेली की सुतासारखी सरळ होते. तिसऱ्या संध्याकाळी घरातून बाहेर पडल्या पडल्या निघालो आणि यंत्र बराच वेळ ठिकाणच दाखवेना. उपग्रह आपला निरोप सेकंदाला अवघ्या ५० बिटच्या गतीने पाठवतात. सगळ्या उपग्रहांची मोघम यादी पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. फोन ही माहिती मोबाइल नेटवर्कवरून उचलतो, म्हणून तो झटपट वाटतो. हातातलं यंत्र बरेच दिवसांनी काढलं तर अंगणात मोकळ्या आकाशाखाली ठेवावं आणि तोवर सायकलमध्ये हवा भरावी.

आता त्या गुरुवारची दुसरी चूक, आणि ही माझी स्वतःची. आकडे चुकीचे टंकले जाण्याच्या तासभर आधीच ती झाली होती.

करंजविहिऱ्याच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. जाताना तिथे थांबून मी यंत्रात खूण करून ठेवली होती. परतीच्या वाटेवर कच्च्या रस्त्याला लागलो तेव्हा पाणी कमी होतं. मी पाहिलं : टपरी ४.२ किलोमीटर. ‘‘अण्णा, चारच किलोमीटर उरलंय, संपवून टाका बाटली.’’ पुढे तीन किलोमीटर घाम गाळून पाहिलं तर आकडा ३.६. अण्णा काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला. ते अंतर सरळ रेषेतलं होतं. पाखराचं. साधी यंत्रं खुणेपर्यंतचं अंतर असंच दाखवतात. डोंगर, ओढा, धरणाचं पाणी त्यांच्या हिशोबात नसतं. सह्याद्रीत सरळ रेषेच्या दीडपट ते दुप्पट वाट धरून चालावं, हा माझा आताचा नियम. निघोज्यापासून त्या जागेपर्यंतचंच घ्या : आकड्यांनी सरळ १६ किलोमीटर, रस्त्याने त्याहून कितीतरी जास्त.

आणि इथे यंत्राचा विषय शरीराला येऊन भिडतो. उन्हात सायकल चालवणाऱ्याला तासाला एक लिटर किंवा त्याहूनही जास्त घाम येऊ शकतो. वाऱ्यामुळे तो लगेच सुकतो, म्हणून कळत नाही. पाणी किती पुरवायचं हे आपण उरलेल्या अंतरावरून ठरवतो, आणि मी त्यांना अंतरच खोटं सांगितलं होतं. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणाऱ्या असतात. अण्णांची तशीच होती. अशा गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात लांब सायकलिंग सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोललंच पाहिजे. गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नये. दुसऱ्या एका प्रकारच्या गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत. त्या घेणाऱ्याने मनगटी घड्याळातल्या ठोक्यांवरून ‘अजून बराच दम आहे’ असा अर्थ काढणं धोक्याचं.

आंब्याखाली आम्ही काय केलं? अण्णांना आडवं करून पाय सायकलच्या पिशवीवर उंच ठेवले, शर्टाची बटणं सोडली, शिरस्त्राण, हातमोजे काढले. माझ्या बाटलीत पाऊण लिटर पाणी होतं. थोडं रुमाल भिजवून मान, काखा, कपाळावर लावलं आणि टोपीने वारा घातला. उरलेल्यात जलसंजीवनीची पुडी अंदाजाने कालवून घोट घोट दिलं. अण्णा बोलत होते, विचारल्या प्रश्नाची उत्तरं नीट देत होते, ही सगळ्यात मोठी खूण. उन्हाने आलेला थकवा आणि उष्माघात यांतली सीमारेषा तिथे असते. माणूस असंबद्ध बोलू लागला, गोंधळला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजायचा. शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेलं असू शकतं. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं समजू नये. श्रमाने येणाऱ्या उष्माघातात घाम सुरूच राहू शकतो. अशा वेळी तोंडात पाणी ओतायचं नाही, मिळेल त्या पाण्याने अंग भिजवून गार करत राहायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. तिथे मिनिटांचा हिशोब असतो. म्हणून तर ४८ किलोमीटरची चूक आठवली की मला अजून झोप लागत नाही.

भाचा सुधारलेले आकडे घेऊन निघाला आणि पाऊण तासात पोहोचला. शेवटचे दोन किलोमीटर त्याला कुणालाही विचारावं लागलं नाही. अण्णा तोवर उठून बसले होते आणि माझ्या यंत्राला शिव्या देत होते. संध्याकाळी डॉक्टरांनी तपासलं, रक्तातले क्षार पाहिले, गोळीची मात्रा बदलली आणि आठवडाभर सायकलला हात लावू नका म्हणाले. अण्णांनी पाचव्या दिवशी लावला.

अण्णांचा मूळ आक्षेप मात्र शिल्लक आहे, आणि त्यात तथ्य आहे. ते म्हणतात, ‘‘तुझं लक्ष पडद्यात. मी असतो तर वाट बघून सांगितलं असतं.’’ मेंदूविज्ञान त्यांच्या बाजूने बोलतं. ठिकाणं ओळखणाऱ्या मेंदूतल्या पेशींच्या शोधासाठी जॉन ओकीफ आणि मे-ब्रिट व एडवर्ड मोसर यांना २०१४ चं नोबेल मिळालं. या पेशींचं काम जिथे चालतं त्या मेंदूच्या भागाला हिप्पोकॅम्पस म्हणतात. स्मृतिभ्रंशात लवकर झिजणाऱ्या भागांपैकी हा एक. लंडनचे टॅक्सीचालक हजारो रस्ते तोंडपाठ करतात. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचं एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं. लंडनमध्येच २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, स्वतः वाट शोधणाऱ्यांचा हा भाग नव्या गल्लीत शिरताना उसळून काम करताना दिसला. यंत्राच्या सूचनांवर चालणाऱ्यांत ती हालचाल दिसली नाही. आणि २०२० मध्ये कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडलं की आयुष्यभरात जीपीएस जास्त वापरलेल्यांची, यंत्राविना वाट काढण्याची स्मरणशक्ती कमकुवत होती. सहभागी माणसं मोजकी होती, हे लक्षात ठेवून वाचावं. पण दिशा स्पष्ट आहे.

मला यात एक फरक महत्त्वाचा वाटतो. ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ असं कानात बोलणारा फोन आपल्याकडून विचार काढून घेतो. हातातलं यंत्र इतकं गप्प आणि ओबडधोबड असतं की विचार करावाच लागतो. ते नकाशावर एक ठिपका दाखवतं, बाकी डोकं आपलं. आता मी आदल्या रात्री कागदावर वाट काढतो : गावं, ओढे, चढ. सर्वेक्षण खात्याच्या जुन्या क्रमांकांनुसार आमची ही छोटी सहल तीन नकाशांवर पसरते. निघोजे ४७ एफ/१४ वर, चाकण शहर ४७ एफ/१३ वर, आणि धरणाचा तो काठ ४७ एफ/९ वर. हे जुने नकाशे वापरणाऱ्यांना एक इशारा : ते एव्हरेस्ट यांच्या नावाच्या, एकोणिसाव्या शतकातल्या पृथ्वीच्या मापावर आखलेले आहेत. जीपीएस वेगळं, १९८४ चं जागतिक माप धरतं. आपल्या भागात दोन्हींत शंभर मीटरहून थोडा जास्त फरक पडतो. नकाशावर ओढ्याच्या अलीकडे असलेली विहीर यंत्रात पलीकडे जाते, ती यामुळे.

वाटेत मात्र पडद्याकडे बघायचं ते थांबूनच. ताशी २० किलोमीटरने जाताना दोन सेकंद नजर खाली गेली की सायकल ११ मीटर आंधळी जाते. महाळुंगे रस्त्यावर ट्रेलर वळण घेत असताना ११ मीटर म्हणजे काय, ते तिथे उभं राहून पाहावं. यंत्राने सांगितलेल्या उष्मांकांवरही फार भरवसा नको. तो आकडा वेग, वजन आणि चढ यांवरून बांधलेला अंदाज असतो. उंचीच्या मापात तर उपग्रहांची चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते, कारण सगळे उपग्रह डोक्यावर, पायाखाली एकही नाही. एकाच वाटेचा चढ अण्णांच्या फोनने आणि माझ्या यंत्राने कधीही सारखा सांगितलेला नाही. ‘एवढा चढलो’ म्हणून जादा वडापाव खाल्ला तर तो सुमारे ३०० उष्मांकांचा आकडा मात्र पक्का.

दोन गोष्टी राहिल्या. आपला नाविक : इस्रोचे सात उपग्रह २०१३ ते २०१६ या काळात गेले, त्यांतल्या काहींची परदेशी अणुघड्याळं बिघडली, आणि मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये भारतीय बनावटीचं रुबिडियम घड्याळ बसवलं. त्यात फोन आणि हातातल्या यंत्रांना सोयीची नवी लहरही आहे. हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून भारतावर नजर ठेवून असतात, त्यामुळे दरीत उभं असतानाही त्यांतले काही डोक्यावर सापडण्याची शक्यता जास्त. नवं यंत्र घेताना ते नाविक ऐकतं का, एवढं विचारावं. दुसरी गोष्ट कायद्याची. फक्त ऐकणारं जीपीएस वेगळं आणि उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र वेगळं. परदेशातून नातेवाईक हौसेने आणतात ती संकटकाळी निरोप पाठवणारी यंत्रं भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. उपग्रह फोनसारखाच तो प्रकार धरला जातो. गोव्यासह इतर ठिकाणी विमानतळांवर अशा यंत्रांमुळे प्रवासी अडचणीत आले आहेत.

गेल्या गुरुवारी पुन्हा त्याच वाटेने गेलो. अण्णा, मी, आणि या वेळी भाचाही. पहाटे साडेपाचला निघालो, माणशी तीन लिटर पाणी. आंब्यापाशी थांबून मी यंत्रात खूण केली आणि तिला ‘अण्णा’ नाव दिलं. अण्णांनी ते वाचलं, खिशातून कागद काढला आणि पेन्सिलीने लिहून घेतलं : १८.८४००, ७३.७२००. मग माझ्याकडे न बघता भाच्याला म्हणाले, ‘‘वाच रे परत, एकेक आकडा.’’